लॉ कॉलेजला आपण का द्यावं?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेलं भाषण)



 भाषणाची मला सवय नाही. पण विषय पैशाचा आहे, आणि तोही आपण सगळ्यांनी मिळून कमावलेल्या पैशाचा आहे. तेव्हा गप्प बसणं बरं नव्हे, म्हणून उभी राहिले.

दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून आणि उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांतून खर्च वजा जाता आपल्याकडे 21,000 रुपये शिल्लक आहेत. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न मागच्या सभेत निघाला. एक सूचना आली, की मंडळासाठी लाउडस्पीकर आणि खुर्च्या घ्याव्यात. दुसरी सूचना माझी होती. आपल्या गावच्या लॉ कॉलेजात गरजू विद्यार्थ्यांसाठी एक निधी आहे, त्यात ही रक्कम द्यावी, असं मी म्हटलं. ते ऐकून बऱ्याच जणींना हसू आलं. एक भगिनी म्हणाल्या, "अहो, देवळाला द्या, दवाखान्याला द्या, बालवाडीला द्या. वकिलांना कशाला? ते आपल्याकडून घेतात ते काय कमी आहे?" दुसऱ्या म्हणाल्या, "कॉलेजला द्यायचं काम तिथून शिकून मोठे झालेल्यांचं. आपल्यातलं कोण तिथे शिकलंय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं मी माझ्यापुरती शोधली. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण वाचनालयाच्या बाईंनी पुस्तकं काढून दिली आणि जे इंग्रजीत होतं ते माझ्या मुलीनं वाचून समजावून सांगितलं. त्यातून जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवते. पटलं तर घ्यावं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण खोटी नाही. पण भगिनींनो, कोर्टाची पायरी न चढताही कायदा आपल्या घरात शिरलेलाच असतो. रेशनकार्डावरचं नाव हा कायदा आहे. सातबाऱ्यावरची नोंद हा कायदा आहे. बापाच्या पश्चात भाऊ कागद पुढे करतो आणि "इथे सही कर" म्हणतो, ते हक्कसोडपत्र हाही कायदाच. 1956 साली हिंदू वारसा कायदा झाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं 1994 साली दिला आणि साऱ्या देशात तो 2005 साली आला. कायदा झाला खरा. पण ज्या कागदावर आपण सही करतो त्यात काय लिहिलं आहे, हे आपल्यातल्या कितीजणी वाचून घेतात? आणि वाचलं तरी, समजावून कोण सांगणार? जो समजावून सांगेल त्याला आधी कोणीतरी शिकवायला हवं. लॉ कॉलेज ते काम करतं.

आपल्यातल्याच एका भगिनीची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घेत नाही. त्यांचे यजमान एका कारखान्यात होते. ते गेले. मागे प्रॉव्हिडंट फंड होता, विधवेला मिळणारं निवृत्तिवेतन होतं. पण एका कागदावर बाईंचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर आडनावातच चूक. अर्ज तीनदा परत आला. प्रत्येक वेळी "हे नाही, ते आणा" एवढंच उत्तर. मध्यस्थानं वेगळे पैसे मागितले. सात-आठ महिने त्यांनी उसनवारीवर घर चालवलं, हे आपण काहीजणींनी पाहिलेलं आहे.

शेवटी कुणीतरी सांगितलं, की लॉ कॉलेजात दर शनिवारी कायदा साहाय्य केंद्र भरतं. तिथे एक मुलगी भेटली. तिसऱ्या वर्षाला होती, वडील रिक्षा चालवतात. तिनं सगळे कागद टेबलावर मांडले, कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे याची यादी केली, त्यावरून प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला आणि तिच्या सरांनी तो तपासला. पुढे तालुका विधी सेवा समितीकडून एक वकीलबाई मिळाल्या. चौथा अर्ज परत आला नाही. आता बाईंच्या खात्यात दरमहा निवृत्तिवेतन जमा होतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. बाई त्या मुलीला 500 रुपये द्यायला गेल्या. तिनं घेतले नाहीत. ती म्हणाली, "मावशी, मला फीसाठी कॉलेजच्या निधीतून मिळतं. मलाही ते कुणी दिलं ठाऊक नाही. तुम्हाला द्यायचंच असेल तर त्या निधीत द्या." बाईंनी तसंच केलं. पावती त्यांनी मला दाखवली, तेव्हा मला या निधीची माहिती झाली आणि माझी सूचना त्यातून निघाली.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळते. कायद्याच्या शिक्षणाला लोकांनी का द्यायचं? मला वाटत होतं, हे काहीतरी नवं असेल. वाचल्यावर कळलं, की आपल्या मुंबईत कायद्याचं शिक्षणच मुळी वर्गणीतून उभं राहिलं. त्या वेळच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी 1852 साली निवृत्त होऊन विलायतेला निघाले. मुंबईच्या लोकांनी त्यांच्या गौरवासाठी 5,000 पौंड जमवले. आजच्यासारखंच, निरोप समारंभाला थैली अर्पण करायची. पेरीसाहेबांनी ती रक्कम स्वतःकडे न घेता कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकाची जागा निर्माण करायला दिली. 1855 साली एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याचे वर्ग सुरू झाले. तेच आजचं चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. 1935 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि 1938 पर्यंत त्या पदावर होते. आपण शाल-श्रीफळ देतो, हार घालतो. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. पेरीसाहेबांची थैली मात्र पुढे अनेक पिढ्यांच्या कामी आली.

कलकत्त्याचं उदाहरण तर खास आपल्या जिव्हाळ्याचं आहे. प्रसन्नकुमार टागोर हे तिथले मोठे वकील. ते 1868 साली वारले. त्यांनी मृत्युपत्रानं विद्यापीठाला कायद्याच्या व्याख्यानमालेसाठी देणगी ठेवली. विद्वानानं एखादा विषय घ्यावा, त्यावर व्याख्यानं द्यावीत आणि पुढे त्यांचं पुस्तक छापावं, अशी ती योजना. 1878 साली त्या मालेत गुरुदास बॅनर्जी बोलले. विषय कोणता? हिंदू विवाहाचा कायदा आणि स्त्रीधन! आपल्या अंगावरचं सोनं, माहेरून आलेली भांडीकुंडी, लग्नात मिळालेलं वाणवसा-वस्त्र यांवर मालकी कुणाची, याचा विचार करणारा ग्रंथ एका देणगीतून तयार झाला. देणाऱ्यानं तो विषय मनात धरलाही नसेल. पण विद्येला दिलेला पैसा कुठे जाऊन कुणाच्या उपयोगी पडेल, हे देणाऱ्याला आधी कळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या नाशिकच्या लेकीची. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिकला 1866 साली झाला. त्यांच्या मातोश्री फ्रान्सिना सोराबजी यांनी पुण्यात शाळा चालवल्या. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि पदवीच्या परीक्षेत अव्वल आल्या. एवढ्या गुणांवर मुलाला विलायतेला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. त्यांना ती नाकारली, कारण त्या स्त्री होत्या. बुद्धीत उणं काही नव्हतं, पण साडीमुळे दार बंद झालं.

मग काय झालं? मेरी हॉबहाउस नावाच्या एका इंग्रज बाईंनी 1888 साली लंडनच्या 'टाइम्स' पत्रात पत्र लिहून या मुलीसाठी मदत मागितली. वर्गणी जमली. रुग्णसेवेसाठी जगप्रसिद्ध झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही त्यात हातभार लावला. कॉर्नेलियाबाई 1889 साली ऑक्सफर्डला गेल्या, आणि 1892 साली तिथली कायद्याची मोठी परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र त्यांच्या हाती पडली 1922 साली, तब्बल तीस वर्षांनी, कारण 1920 पर्यंत ते विद्यापीठ बायकांना पदवीच देत नव्हतं. आणि आपल्या देशात बायकांना वकिली करायला मोकळीक मिळाली ती 1923 च्या कायद्यानं.

पण या मधल्या काळात त्या हात जोडून बसल्या नाहीत. 1904 पासून त्या बंगालकडे सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये स्त्रियांच्या सल्लागार होत्या. जमीनदार घराण्यांतल्या पडद्यातल्या विधवा परपुरुषाशी बोलू शकत नव्हत्या. वकील पुरुष, कारकून पुरुष, न्यायाधीश पुरुष. मिळकत त्यांची, पण सांगायचं कुणाला? कॉर्नेलियाबाई पडद्याच्या आत जाऊन त्यांचं म्हणणं ऐकत आणि बाहेर येऊन मांडत. अशा शेकडो स्त्रियांचं आणि मुलांचं काम त्यांनी पाहिलं. आता बघा, पैसे देणाऱ्या त्या विलायतेतल्या बायका. त्यांनी बंगालमधली ती विधवा कधी पाहिली नव्हती, तिचं नाव ऐकलं नव्हतं. पण त्यांनी दिलेला पैसा एका मुलीच्या शिक्षणातून तिच्यापर्यंत पोचला.

बाबासाहेबांचं शिक्षण तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. 1913 साली ते अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे बॅरिस्टरीचा आणि अर्थशास्त्राचा अभ्यास अर्धा सोडून त्यांना परत यावं लागलं. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले ते नोकरीतली स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर. अशा रीतीनं शिकलेला माणूस पुढे देशाचा पहिला कायदेमंत्री झाला आणि त्यानं हिंदू कोड बिल मांडलं. घटस्फोट, वारसा, दत्तक, पोटगी यांत स्त्रीला माणूस म्हणून धरणारं ते बिल. ते अडवून धरलं, म्हणून 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढे त्याचेच तुकडे करून 1955 आणि 1956 साली कायदे झाले. आज आपली मुलगी वारसा मागू शकते, त्यामागे त्या मदतीचाही वाटा आहे. आणि बाबासाहेबांनी घेतलेलं परत कसं केलं? 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि 1956 साली त्या संस्थेचं मुंबईत कायद्याचं कॉलेज सुरू झालं. घेतलं एकाकडून आणि दिलं पुढच्याला.

हेच दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर आहे. कॉलेजला माजी विद्यार्थ्यांनी द्यावं हे बरोबरच. तो उपकार नव्हे, ती ऋणफेड आहे. आपल्या शास्त्रात देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलं आहे. विद्या मिळाली की ऋषिऋण आलंच. ते गुरूला परत करता येत नाही, पुढच्या शिष्यालाच द्यावं लागतं. पुण्याचं लॉ कॉलेज घ्या. 1923 साली इंडियन लॉ सोसायटी निघाली आणि 1924 साली कॉलेज सुरू झालं. जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे पहिले प्राचार्य. ते सरकारनं काढलेलं कॉलेज नव्हतं, कायदा जाणणाऱ्या आणि शिक्षणाची कळकळ असलेल्या मंडळींनी उभं केलेलं होतं. तिथून यशवंतराव चव्हाण शिकून गेले. गजेंद्रगडकर आणि चंद्रचूड हे देशाचे सरन्यायाधीश तिथलेच. ज्यांनी ते कॉलेज काढलं त्यांना ही नावं दिसत होती का? नाही. त्यांनी झाड लावलं, फळं पुढच्यांनी खाल्ली.

आपल्या काळातलंही एक उदाहरण आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय लॉ स्कूलमध्ये शिकलेले शमनाद बशीर नावाचे एक प्राध्यापक होते. मोठ्या लॉ स्कूलची वर्षाची फी लाखांत जाते आणि प्रवेशपरीक्षेच्या क्लासची फी वेगळी. तिथे खेड्यातली, गरीब घरची, अंध-अपंग मुलं दिसत नाहीत, हे त्यांच्या मनाला लागलं. 2010 साली त्यांनी 'आयडिया' ही संस्था काढली. अशी मुलं शोधायची, त्यांना परीक्षेसाठी तयार करायचं आणि प्रवेश मिळाला की फीला मदत उभी करायची. लॉ स्कूलमधले चालू विद्यार्थीच त्यांना शिकवायला जातात. बशीर 2019 साली गेले, वय फार नव्हतं. पण काम चालू आहे.

तर मग आपण, ज्या तिथे शिकलो नाही, त्यांचं काय ऋण? माझं म्हणणं असं, की ज्यानं विद्या घेतली तोच एकटा ऋणी नाही. त्या विद्येचा ज्याला उपयोग झाला तोही ऋणी. आपल्या त्या भगिनीचं निवृत्तिवेतन सुरू झालं, म्हणजे आपल्या मंडळावर त्या कॉलेजचं ऋण आलंच.

एक गोष्ट सावधगिरीचीही सांगते, कारण देणगी म्हटली की सगळंच चांगलं असं नाही. अमेरिकेत हार्वर्ड म्हणून मोठं लॉ स्कूल आहे. ते 1817 साली स्थापन झालं. त्याच्या आधी दोन वर्षं तिथे कायद्याच्या प्राध्यापकाची पहिली जागा झाली, ती आयझॅक रॉयल नावाच्या श्रीमंत माणसानं मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून. या घराण्याचा पैसा कुठला? वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळ्यांतला आणि गुलाम माणसांच्या कष्टांतला. त्याच्या घरी बेलिंडा नावाची एक आफ्रिकन बाई होती. लहानपणी तिला आईबापांपासून ओढून आणलेलं, आणि साऱ्या जन्माची गुलामगिरी. रॉयल देश सोडून गेला आणि 1781 साली वारला. 1783 साली या म्हाताऱ्या बाईनं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला अर्ज केला, की ज्या मिळकतीत माझे कष्ट आहेत तिच्यातून मला आणि माझ्या आजारी मुलीला निर्वाहापुरतं द्या. तिला लिहिता येत नव्हतं. अर्जाखाली तिनं सहीच्या जागी नुसती खूण केली आहे. अर्ज मंजूर झाला, वर्षाला 15 पौंड 12 शिलिंग ठरले. पण पैसे नियमित मिळेनात, म्हणून तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले.

भगिनींनो, हे माझ्या मुलीनं वाचून दाखवलं तेव्हा मला आपल्या त्या भगिनीचे तीन परत आलेले अर्ज आठवले. देश वेगळा, काळ वेगळा, पण कचेरीच्या दारातली बाई तीच. आणि दोघींसाठीही कुणीतरी लिहिणारं लागलं. रॉयल घराण्याचं तीन पेंढ्यांचं चिन्ह हार्वर्डच्या लॉ स्कूलच्या मुद्रेवर होतं. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, आणि 2016 साली ते काढून टाकण्यात आलं. 2017 साली तिथल्या आवारात एक शिळा बसवली, ज्या गुलामांच्या कष्टांतून ही संस्था उभी राहिली त्यांच्या स्मरणार्थ. म्हणजे देणगी देताना नाव कोरून घ्यायच्या आधी, या पैशात घाम कुणाचा आहे, हे विचारायला हवं. आपल्या 21,000 रुपयांत घाम आपलाच आहे. चकली कुणी पाडली, कुरडया गच्चीवर कुणी वाळवल्या, कुणाच्या हाताला तेलाचा चटका बसला, हे आपल्याला ठाऊक आहे. याहून चोख पैसा कुठला असणार?

आता द्यायचं कसं, ते सांगते. द्यायला मन लागतं तसा विचारही लागतो.

पहिली गोष्ट, रक्कम मूळनिधी म्हणून द्यावी, म्हणजे मुद्दल ठेवीत राहावं आणि व्याज तेवढं खर्चावं. समजा सात टक्के व्याज मिळालं, तर 21,000 रुपयांवर वर्षाला 1,470 रुपये येतील. रक्कम लहान आहे, मी कबूल करते. पण त्यात दरवर्षी एखाद्या मुलीला कायद्याची पुस्तकं किंवा परीक्षेच्या फीला हातभार मिळेल, आणि आपण कुणी नसू तेव्हाही मिळत राहील. दिवाळीच्या शिलकीतून दरवर्षी थोडी भर घातली, तर थेंबे थेंबे तळे साचेल. एकदाच मोठी रक्कम देऊन विसरण्यापेक्षा लहान रक्कम न चुकता देणं कॉलेजला जास्त उपयोगी, कारण त्यांना पुढच्या वर्षाचा हिशेब मांडता येतो.

दुसरी गोष्ट, अमक्याच मुलीला द्या अशी अट घालू नये. त्या रिक्षावाल्यांच्या मुलीलाच देऊ, असं काहीजणींच्या मनात आलं. माया आहे, मी समजू शकते. पण मग ती मुलगी रस्त्यात भेटली की मान खाली घालेल, आणि आपणही तिच्याकडे "आमच्या पैशावर शिकणारी" म्हणून बघू. तिनंच आपल्याला शिकवलं आहे, की देणारा ठाऊक नसावा. गरज कुणाची आणि लायकी कुणाची, हे कॉलेजच्या समितीनं ठरवावं. जातपात, नातंगोतं मध्ये आणू नये.

तिसरी गोष्ट नावाची. नाव देणं वाईट नाही. विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 साली महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि आपल्या मातोश्री नाथीबाईंचं नाव दिलं. त्यामुळे आज हजारो मुली एका आईचं नाव घेतात, आणि त्या विद्यापीठात आता मुलींसाठी लॉ स्कूलही आहे. पण आपण फूल ना फुलाची पाकळी देणाऱ्या. पावतीवर मंडळाचं नाव पुरे. संगमरवरी पाटी नको.

चौथी गोष्ट, हिशेब मागावा. दान दिलं म्हणजे विचारायचं नाही, असं नाही. पैसा कशावर खर्च झाला, याचा चार ओळींचा अहवाल वर्षातून एकदा मागवावा आणि तो आपल्या सभेत वाचावा. मागणाऱ्याचा मान राहतो, आणि देणाऱ्याचा विश्वास टिकतो.

आणि आपल्याला काय मिळेल? अट म्हणून नव्हे, विनंती म्हणून आपण त्या विद्यार्थ्यांना वर्षातून दोनदा मंडळात बोलवू. त्यांनी आपल्याला वारसा, पोटगी, भाडेकरार, बँकेत वारस नेमणं हे सगळं साध्या मराठीत सांगावं. एक गोष्ट तर मी आजच सांगून ठेवते. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला सरकारकडून मोफत वकील मिळू शकतो. तिचं उत्पन्न किती, हे त्यात पाहत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. 15100 या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते. मला हे गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आपल्यातल्या कितीजणींना होतं?

कुणी म्हणेल, उद्या ती मुलगी वकील होऊन भरमसाट फी घेईल, मग आपण दिलेलं वाया. होईलही एखादी तशी. बालवाडीतली सगळी मुलं तरी पुढे सद्गुणी निघतात का? म्हणून कुणी बालवाडी बंद करत नाही. उलट, डोक्यावर कर्ज घेऊन शिकलेल्या वकिलाला फेडीसाठी पैसेवालाच अशील शोधावा लागतो. अमेरिकेतली काही लॉ स्कूलं तर देणगीच्या पैशातून अशा पदवीधरांचं शिक्षणाचं कर्ज फेडायला मदत करतात, म्हणजे त्यांना कमी पगारावर गरिबांची कामं घेता यावीत. शिकताना हात मोकळा राहिला, तर पुढे मनही मोकळं राहण्याचा संभव जास्त.

कुणी म्हणेल, मुलगी लग्न होऊन परगावी जाईल. जाऊ दे की. त्या गावात बायका नाहीत का?

आणि लाउडस्पीकरबद्दल म्हणाल, तर तो वाईट नाही. पण इतकी वर्षं आपण त्यावाचून बोललो, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकूही गेलं. आज मी बोलतेय ते तिकडे दाराशी बसलेल्या काकूंना ऐकू येतंय ना? मग झालं. ज्या बाईचा आवाज कचेरीत कुणी ऐकत नाही, तिच्या आवाजाची सोय आधी करू. आपल्या लाउडस्पीकरचं पुढच्या दिवाळीला पाहू.

तेव्हा मी असा ठराव मांडते, की मंडळाच्या शिलकेतले 21,000 रुपये लॉ कॉलेजच्या गरजू विद्यार्थी निधीला मूळनिधी म्हणून द्यावेत, दरवर्षी फराळाच्या उत्पन्नातून जमेल तेवढी भर घालावी, आणि त्याचा हिशेब वर्धापनदिनाला वाचावा. अनुमोदन ज्यांना द्यायचं असेल त्यांनी द्यावं. विरोध असेल तर तोही मोकळेपणानं सांगावा, मनात ठेवू नये. मत मोजूनच काय ते ठरवू.

माझं बोलणं लांबलं, आणि चहाही थांबला आहे.